चहा यादीत नव्हता

"अहो, तुमचाच फोन वाजतोय! उचला की!"

बायकोनं बाथरूमच्या दारावर थाप मारली. आत बातमीदारानं नळ आणखी मोठा सोडला. बादली केव्हाच भरून वाहत होती आणि हा स्टुलावर कपड्यांनिशी बसला होता, कानात बोटं घालून. बावन्न वर्षांचा बाप्या, नोकरीत सत्तावीस वर्षं काढलेली, आणि फोन वाजला की बाथरूम गाठायचं! आज नववा दिवस.

"पोट अजून ठीक नाही गं," तो आतून म्हणाला.

"नऊ दिवस? पोटात आहे तरी काय उरलेलं? जेवता कुठे तुम्ही धड!"

पोट बिघडलं म्हणून रजा मागता येते. मन बिघडलं म्हणून कुठल्या तोंडानं मागायची? लोकांनी घरातली माणसं गमावली, नर्स बारा-बारा तास उभ्या होत्या, आणि हा धडधाकट गडी, साधा तापसुद्धा न आलेला, फोनला घाबरत होता. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

तो इस्पितळात तळमजल्यावरच्या चौकशीच्या खिडकीतला कारकून. साथ आली, नातेवाइकांना आत यायची बंदी झाली आणि त्याच्या गळ्यात नवं काम पडलं. सकाळी सहाला वॉर्डातून यादी खाली यायची. खाट, नाव आणि पुढे एकच शब्द, 'स्थिर' नाहीतर 'गंभीर'. अकरापासून त्यानं घरोघरी फोन करून तेवढा शब्द कळवायचा. गेलेल्यांच्या घरी डॉक्टर फोन करायचे.

पण एका शब्दावर कुणाचं भागतं? "काही खाल्लं का हो त्यांनी?" असं पलीकडून कुणी विचारलं की याचा जीव गलबलायचा. एकदा तोंडातून सहज निघून गेलं, "हो हो, उठून बसले होते." पलीकडची बाई आनंदानं रडायलाच लागली. मग काय, चटकच लागली! कुणा रुग्णानं नर्सची थट्टा केली, कुणी रेडिओ मागितला, कुणी नातवाची चौकशी केली. सगळं मनचं. लोक त्याच्या फोनची वाट बघायला लागले. खिडकीतल्या मंडळींनी त्याला बातमीदार म्हणायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही.

दहा दिवसांपूर्वी एका मुलीला त्यानं सांगितलं, "आई स्थिर आहेत. सकाळी चहा मागत होत्या."

तासाभरात मुलगी फाटकावर हजर. हातात थर्मास.

"काका, फोनवर तुम्हीच होता ना? एवढा वर पाठवा. गरम आहे."

तो लगबगीनं जिन्यापाशी गेला, तर मेट्रनबाई खाली उतरत होत्या. खाटेचा नंबर ऐकून त्या थबकल्या. "त्या आठलाच गेल्या. डॉक्टरांना उसंत नव्हती हो, फोन करायचा राहिला."

यादी सहाची होती. 'स्थिर' हा शब्द यादीच्या माथी मारता आला असता. पण चहा यादीत नव्हता.

मुलीला मेट्रनबाईंनीच सांगितलं. बातमीदार कपाटाच्या आड थर्मास पोटाशी धरून उभा होता. तिचं रडणं त्याला तिथून ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन उचलला, तर हात असा थरथरायला लागला की नंबर लागेना. तो तडक घरी निघून आला.

आता बाथरूमबाहेर बायकोनंच फोन घेतला. थोड्या वेळानं ती दाराशी आली.

"मेट्रनबाई होत्या. कुणी मुलगी उद्या आईचं सामान न्यायला येतेय. थर्मास कुठे आहे विचारतात. तुमच्या स्वेटरामागे लपवलाय, तोच ना?"

मग नळ बंद झाला. आणि बंद दाराआडूनच बातमीदारानं सगळं सांगून टाकलं.

"हे तिला सांगायला हवं," बायको म्हणाली.

"मला नाही गं जमायचं."

"या बाहेर. मी बसते शेजारी."

मेट्रनबाईंकडून नंबर घेऊन बायकोनंच तो लावून दिला. बातमीदारानं दोन्ही हातांनी फोन धरला.

"मी इस्पितळातून... तो फोनवाला. तुमच्या आईंनी चहा मागितला नव्हता. ते मी रचून सांगितलं."

"आई जन्मात चहा प्यायली नाही, काका," मुलगी हळू म्हणाली. "तिला वाससुद्धा सहन व्हायचा नाही. तुम्ही सांगितलंत तेव्हा वाटलं, औषधांनी तोंडाची चव फिरली असेल. घरात चहाची पूड नव्हती. मी धावत जाऊन आणली. मग तिनं खरंच काय मागितलं होतं?"

"माहीत नाही. मी वर कधी गेलोच नाही."

तिनं फोन ठेवला.

त्यानंतर मेट्रनबाईंना फोन त्यानंच लावला. "पोटाचं काही नाही. मला फोनची भीती वाटते. हात थरथरतात."

"अहो, मग एवढे दिवस बोलला का नाहीत? मनाच्या डॉक्टरांकडे जाणारे तुम्ही इथले सहावे. उद्या आधी त्यांच्याकडे जा, खिडकीचं नंतर बघू."

त्यानं स्वेटरामागून थर्मास काढला आणि झाकण फिरवलं. चहा दहा दिवस तसाच आत होता. दूध नासून आंबूस वास सुटला होता. त्यानं तो मोरीत ओतला, थर्मास घासला, विसळला, वास घेऊन पाहिला आणि पुन्हा घासायला घेतला.

"द्या इकडे, मी घासते," बायको म्हणाली.

"नको," तो म्हणाला. "तिच्या आईला हा वास चालायचा नाही."