अडतिसावा फोटो

रोल छत्तीस फोटोंचा होता. सदतिसावा काढून झाला तरी लिव्हर कुठं अडली नाही, तेल पाजलेल्या कडीसारखी सुळकन पुढं आली, आणि दीपमालाच्या अंगात असा काही आनंद शिरला की तिला अंगणात एक गिरकी घ्यावीशी वाटली. तिनं अडतिसावाही काढला. मग सगळ्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "छत्तीसच्या रोलात अडतीस काढले, याडी. घाटंजीत आता हे कोनालेच जमत नाई."

याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. बाजेवर बसलेल्या लालीबाईनं मान हलवली. दोन तास ती त्या बाजेवर बसून, उठून, पुन्हा बसून थकली होती. अंगावर आरशांची कांचळी, पायघोळ घागरा, म्हणजे फेटिया, कानांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या, आणि दोन्ही हातांत मनगटापासून पार दंडापर्यंत बलिये. हाडाचे, बांगड्यांसारखे, जाड, पिवळट पडलेले बलिये. लग्नात हाताला तेल चोपडून घातले, ते पन्नास-बावन्न वर्षांत एकदाही उतरले नव्हते. उतरणारही नव्हते, कारण हात तेव्हा पोरीचा होता आणि आता बाईचा होता. आज ते कापायचे होते. डाव्या कोपराजवळची गाठ काढायची, दोन्ही हात मोकळे पाहिजेत, असं यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. तसले बलिये घडवणारं आता कोणी उरलं नव्हतं, तेव्हा एकदा कापले की संपले.

म्हणून हा फोटो. आणि फोनवर नाही, कॅमेऱ्यावर, हे लालीबाईचंच म्हणणं.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी घाटंजीच्या बाजारात कोणीतरी तिचा फोटो फोनवर काढला. तिला पत्ताही नाही. मग तो फोटो कुणाच्या 'शुभ सकाळ'च्या मेसेजवर गेला, तिथून कुठं कुठं फिरला आणि शेवटी एका कापड दुकानाच्या फ्लेक्सवर जाऊन बसला. लालीबाई एसटीतून जात होती, तिला आपलंच तोंड रस्त्यावर टांगलेलं दिसलं. तेव्हापासून कोणी फोन वर केला की ती ओढणी तोंडावर ओढून घ्यायची. ही गोष्ट तिच्या नातीनं, रंजितानं, वर्गात दीपमालाला सांगितली, आणि दीपमाला जागच्या जागी उडाली. तिच्याकडं औषध होतं ना. नुकताच घेतलेला, जुना, रोलचा कॅमेरा.

तो तिनं डोमाजीकाकांकडून घेतला होता. घाटंजीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आता तिथं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. कपाटातला कॅमेरा ते कोणालाच द्यायला तयार नव्हते, पण दहावीच्या बक्षिसाचे पैसे मुठीत धरून ही पोरगी आठवडाभर रोज दुकानात उभी राहिली, तेव्हा द्यावाच लागला. देताना त्यांनी तिच्याकडून सगळं तपासून घेतलं. लेन्स उजेडाकडं धरून आत बुरशीचं जाळं आहे का, शटर सावकाश ठेवल्यावर मधेच अडकतं का, मागच्या झाकणाचा चिकट झालेला स्पंज कुठून उजेड सोडेल. आणि आपल्या काळातल्या बढाया मारल्या. लग्नात ते छत्तीसच्या रोलात अडतीस, कधी एकोणचाळीससुद्धा काढायचे. काळ्या थैलीत हात घालून रोल भरायचा, सुरुवातीची पट्टी वाया घालवायची नाही, नुसतं टोक चक्रीच्या फटीत अडकवायचं. दीपमालानं ते ऐकलं आणि मनात गाठ मारली. तिच्याकडं रोल एकच होता, काळा-पांढरा, नागपूरहून मागवलेला. तो डोमाजीकाका स्वतः धुऊन देणार होते. धुतलेली पट्टी लालीबाईच्या हातात. फोटो त्या पट्टीवर, आणि पट्टी तिच्या पेटीत. फ्लेक्सवाल्याचा हात तिथं पोचत नाही.

आठ दिवस विचार करून लालीबाईनं एकच विचारलं होतं, "माहं तोंड माह्या घरीच राहीन ना?"

"राहीन," दीपमाला म्हणाली होती. शब्द दिला होता.

तर आता अडतीस झाले होते. कॅमेऱ्याच्या खिडकीतला आकडा केव्हाच पुढं जाऊन थांबला होता, ती मनात मोजत होती. गंमत म्हणून एक आणखी घ्यावा असं वाटून तिनं लिव्हर ओढली. आली. क्लिक. एकोणचाळीस. पुन्हा ओढली. आली. चाळीस. गिरकी घ्यायची हौस तिथंच विरली. डोमाजीकाकांनीसुद्धा चाळीस कधी काढले नव्हते. एकेचाळीस.

तिनं कॅमेरा खाली घेतला. डाव्या बाजूला वरती रोल गुंडाळायचं बटण असतं. लिव्हर ओढली की रोल डबीतून बाहेर येतो, म्हणून ते आपोआप फिरतं. फिरायलाच पाहिजे. तिनं त्याच्यावर नजर रोवली आणि लिव्हर अगदी हळू ओढली.

बटण हललं नाही.

डोळे जवळ नेऊन बघितलं. नाहीच. ते मेल्यासारखं बसून होतं.

तिला एका क्षणात सगळं कळलं. फटीतून ते टोक सुटलं होतं. काल, तिच्या घरी, गोधडीखाली, दोन फोटो जास्त मिळावेत म्हणून तिनं जेमतेम नखाएवढं टोक अडकवलं होतं. चक्री रिकामी फिरत होती. दोन तास.

"झाले ना वं?" रंजितानं विचारलं.

"झाले," दीपमाला म्हणाली.

तोंडातून निघून गेलं ते. मागं घेता आलं असतं, पण तेवढ्यात देवसिंगबाबा उठले. लालीबाईचा नवरा. हा माणूस दिवसभर भिंतीला टेकून बसला होता. दवाखान्यातल्या कोणा पोरानं आपल्या बायकोचे बलिये कापायचे हे त्यांना पटत नव्हतं, म्हणून ते स्वतः कापणार होते. त्यांनी लोखंड कापायच्या आरीचं पातं फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, ते काढलं. बायकोचा डावा हात मांडीवर घेतला, दंडावरच्या पहिल्या बलियाखाली पत्र्याची पट्टी सरकवली, कातडीला लागू नये म्हणून, आणि पातं चालवायला सुरुवात केली.

खर्र, खर्र, खर्र.

दीपमाला बघत राहिली. आता बोल, ती स्वतःला म्हणाली. आत्ता. पण आत्ताच तर तिनं अडतीस अडतीस म्हणून अंगण डोक्यावर घेतलं होतं. शेजारच्या बाया येऊन कौतुक करून गेल्या होत्या. आणि डोक्यात एक हलकट विचार हळूच येऊन बसला. बोलायचंच कशाला? रोल डोमाजीकाका धुणार. त्यांच्या बाटल्यांतलं औषध किती जुनं. पट्टी कोरी निघाली की म्हणायचं, औषध खराब होतं. म्हाताऱ्यांना काय, त्यांनाही ते खरं वाटेल. मान खाली घालतील बिचारे, आणि मी सुटेन.

टक्. पहिला बलिया फुटला. दोन अर्धुकं जमिनीवर पडली.

देवसिंगबाबांनी अर्धुकं उचलून बाजेवर ठेवली आणि पत्रा दुसऱ्याखाली सरकवला.

"मले आत जाचं हाये," दीपमाला रंजिताला म्हणाली. "अंधार पाहिजे. गोधडी दे एक."

कदाचित आपलं चुकत असेल, अशी एक बारीक आशा होती. कदाचित रोल मधेच फाटला असेल आणि अर्धे फोटो चक्रीवर असतील. तसं असेल तर उजेडात झाकण उघडलं की तेही जातील. रंजितानं तिला कापसाच्या खोलीत नेलं. वेचून आणलेला कापूस तिथं छातीइतका भरला होता, खिडकी नव्हती. दीपमाला दार लावून कापसात गुडघ्यांवर बसली, गोधडी डोक्यावरून घेतली आणि बटण वर ओढलं. झाकण उघडल्याचा आवाज त्या बंद खोलीत केवढा मोठा वाटला.

बोट चक्रीवर गेलं. गुळगुळीत, रिकामी, थंड. एक वेढासुद्धा नाही. रोल डबीत जसाच्या तसा, फक्त चार बोटं पट्टी बाहेर लोळत होती. तेवढ्याच तुकड्यावर एकेचाळीस लालीबाया एकावर एक बसल्या होत्या, जळून काळ्या झाल्या असतील.

बाहेर टक् झालं. दुसरा.

घाम बोटांना, बोटं पट्टीला. कापसाचे तंतू गोधडीला चिकटलेले, ते आत गेले तर वेगळीच पंचाईत. तिनं पट्टी ओढून घेतली, चांगली लांब, कंजुषी न करता, फटीत पार आतपर्यंत घातली, अंगठ्यानं चक्री दोन वेढे फिरवली. दाते भोकांत बसल्याचं बोटाला लागलं तेव्हाच झाकण लावलं. टक्. तिसरा. आपल्या हाताचा आवाज आणि बाहेरचा आवाज तिला वेगळा करता येईना.

आता रोल बरोबर भरला होता. पण त्यासाठी बाहेर जाऊन सांगावं लागणार होतं.

ती दारापाशी उभी राहिली. बाहेर यवतमाळला न्यायला जीप आल्याचा हॉर्न वाजला. चारच्या आत भरती झालं नाही तर उद्याचं ऑपरेशन पुढं जाणार होतं, हे तिला माहीत होतं. टक्. चौथा. हे चारही बलिये माझ्या तोंडानं कापले, तिच्या मनात आलं. मघाशी बोलले असते तर एकही गेला नसता.

तिनं दार ढकललं.

"बाबा, थांबा."

पातं थांबलं. सगळे तिच्याकडं बघायला लागले. केसांत कापूस, हातात कॅमेरा.

"फोटो आले नाई," ती म्हणाली. "एकबी नाई. रोल मी कमी अडकवला होता, तो सरकलाच नाई. डोमाजीकाकाची चूक नाई, माही हाये. अन् मले मघाच समजलं होतं. बाबानं पहिला कापाच्या आधीच. मी बोलली नाई."

रंजिताचं तोंड पांढरं पडलं. शब्द तर घरात तिनंही टाकला होता. देवसिंगबाबांनी पातं बाजेवर आपटलं आणि आपल्या बोलीत काहीतरी लांबलचक बोलले. दीपमालाला त्यातला शब्द समजला नाही आणि अर्थ सगळा समजला. जीपवाला धरमसिंग खाली उतरून आला, म्हणाला, कायले एवढं टेन्शन, आन मी काढतो एक फोनवर, आणि खिशातून फोन काढला. लालीबाईनं झटकन ओढणी तोंडावर घेतली. धरमसिंगनं ओशाळून फोन परत ठेवला आणि पाच मिनिटांच्या वर थांबणार नाही असं सांगून टाकलं.

ओढणीआडून आवाज आला. "पोरी."

"हो, याडी."

"मंग दोन घंटे मी कोनाकडं पाहून राह्यलती?"

दीपमालाच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं खांद्याला पुसलं, कारण हात कॅमेऱ्यावरून काढायचा नव्हता. "आता भरला हाये बरोबर," ती कशीबशी म्हणाली. "तुमी म्हनसान तं. नाई म्हनसान तं मी जातो घरी."

रंजिता पुढं झाली. तिनं घाईघाईनं सुचवलं, याडीला जरा तिरपं बसवू, उजवा हात पुढं, डावा ओढणीखाली, म्हणजे कापलेलं दिसणार नाही. ती ओढणी सारखी करायलाही लागली.

लालीबाईनं तिचा हात बाजूला केला. ओढणी तोंडावरून काढली. डाव्या दंडाकडं बघितलं. जिथं चार बलिये होते तिथली कातडी पन्नास वर्षांत उन्हात आली नव्हती. फिकट, सुरकुतलेली, लहान मुलाच्या तळपायासारखी. खाली कोपराजवळ गाठ. ती स्वतःसुद्धा तो दंड बऱ्याच वर्षांनी बघत होती.

"लपवाले काय मी चोरी केली?" ती म्हणाली. "हात हाये तसा काढ." मग नवऱ्याकडं वळली. "अन् तूबी बस. कापनारा कोन होता तेबी दिसू दे."

देवसिंगबाबा नाही म्हणाले. पुन्हा नाही म्हणाले. धरमसिंगनं हॉर्न दिला. मग ते पातं हातात घेऊनच तिच्या शेजारी बसले, फोटोत बसतात तसे नाही, कामाला बसतात तसे.

दीपमालानं डोळा लावला. दोन तासांत तिनं एकदाही एवढा वेळ घेतला नव्हता. लेन्स फिरवली, धूसर झाली, पुन्हा फिरवली; आधी घुगऱ्या स्पष्ट झाल्या, मग डोळे. ते सरळ तिच्याकडं बघत होते, आणि त्यांत अजून राग होता. तिनं श्वास धरला. क्लिक. लिव्हर ओढली, आणि या वेळी ती जड होती, आतून कोणीतरी दुसऱ्या बाजूनं धरून ठेवल्यासारखी. बटण फिरलं. आणखी दोन घेतले. बटण फिरलं, फिरलं.

"पुरे," लालीबाई म्हणाली. "कॅमेरा ठेव आता. इकडं ये."

दीपमाला गेली. लालीबाईनं डावा हात तिच्यापुढं केला.

"हालते तो. धरून ठेव."

तिनं कॅमेरा बाजेवर ठेवला, दोन्ही हातांनी ते मनगट धरलं. देवसिंगबाबांनी पत्रा पाचव्याखाली सरकवला. पातं चाललं तशी हाडाची बारीक पूड तिच्या बोटांवर पडायला लागली, आणि खरखर हातातून दंडात, दंडातून दातांत चढत गेली. तिनं पकड सोडली नाही.