सेंटरला दोघं

खालिदभाई टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. माग रुसला की हाक त्यांनाच. पण शुक्रवार पेठेत त्यांचं नाव एकट्याचं कधी नव्हतंच. लोक म्हणायचे ‘खालिद-सयाजी’. वीस वर्षं पेठेच्या फुटबॉल संघाची किक-ऑफ, म्हणजे मैदानाच्या मधून खेळ सुरू करणारी किक, या दोघांनी केली. आपल्याकडे तिला सेंटर म्हणतात.

रविवारी मुलीची, अर्शीची मॅच बघताना खालिदभाई भडकले. पोरगी मधल्या वर्तुळात एकटीच उभी, आणि बॉल चक्क मागं मारलेला!

“जोडीदार कुठाय तुझा?” मॅच संपताच त्यांनी विचारलं.

“अब्बा, दोन हजार सोळाला नियम बदललाय. कुठंही मारा. एकटं पुरतं.”

एकटं पुरतं म्हणे! पूर्वी बॉल पुढंच ढकलावा लागे, आणि ढकलणाऱ्याला लगेच पुन्हा शिवायची मुभा नसे. म्हणून तर शेजारी सयाजी लागायचा.

तो सयाजी आता मोहोळला, शेतावर. अकरा वर्षांपूर्वी फायनलच्या सकाळी कप्तान म्हणून त्यानं खालिदभाईंचं नाव कापलं आणि स्वतःच्या भाच्याला खेळवलं. ज्यानं केलं त्यानंच यावं, असं म्हणून खालिदभाई बसून राहिले. आठवणीनं जीव कासावीस व्हायचा, पण सुंभ जळला तरी पीळ जाईना.

अर्शी बुटाच्या नाड्या सोडत बोलतच होती. “एक गोष्ट मात्र तशीच हाय. अठराशे त्रेसष्टला इंग्लंडात नियम लिहिले, तवापासून ज्याच्यावर गोल झाला, सेंटर त्याचंच. तो किक मारेपर्यंत गोल करणाऱ्यानं दहा यार्ड लांब थांबायचं.”

“ज्याच्यावर झाला, त्यानं?” हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? हजारदा केलं होतं. तरी त्यांनी परत विचारलं. अकरा वर्षांपूर्वीचा गोल त्यांच्यावरच तर झाला होता.

दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून त्यांनी गाडी मोहोळकडे काढली. सयाजी बांधावर उभा होता. केस पांढरे, पोट सुटलेलं. त्याला बघून खालिदभाईंना रडू आलं आणि रागही आला. तोंडून रागच निघाला.

“सया, एकदा यायला काय झालं होतं रे तुला?”

“आलतो की,” सयाजी म्हणाला. “दर साली फायनलला येतो. मागल्या कुंपणापाशी हुबा ऱ्हातो, तुला बघतो आन् माघारी फिरतो. घाव मीच घातलेला, खालिद्या. तू हाक मारल्याबिगर कुठल्या तोंडानं म्होरं यिऊ?”

खालिदभाई बांधावर चढून त्याच्या शेजारी उभे राहिले. अकराही फायनलना ते मैदानात हजर होते. सयाजी आलाच तर दिसावा म्हणून दर वेळी फाटकाकडे तोंड करून, कुंपणाकडे पाठ करून बसले होते.