वजरी

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या बायकोचा, मथुरेचा, भाचा गंगाराम मुंबईहून आगबोटीने आला. तो कॉलेजात दगडांचा विषय शिकवतो. मावशी गेल्यावर पहिल्यांदाच येत होता. न्हाणीत पाय धुताना त्याने तिची टाचा घासायची वजरी उचलली.

"काका, हा दगड इथला नव्हे."

"इथलाच. तिने भाट्याच्या वाळूतून आणला."

"हे शेवाळ आहे. फार जुन्या समुद्रातलं, दगड झालेलं. आपल्याकडे जांभा नि काळा दगड. असला काठेवाडकडे मिळतो. मी नेऊ? पातळ कापून भिंगाखाली बघतो."

जुन्या समुद्राचं मला काही वाटलं नाही. काठेवाड मात्र डोक्यात बसलं. मथुरा कधी खेडच्या पुढे गेली नव्हती. आमच्या आळीतून काठेवाडला गलबत नेणारा एकच, दादू तांडेल. तिला स्मशानात नेलं तेव्हा तो माझ्याहून जास्त रडला होता.

सकाळी वजरी खिशात घालून बंदरावर गेलो. दादू शीड शिवत होता.

"ही कुठली रे?"

त्याने उलटीपालटी केली. "नीरम. गलबत हलकं असलं की पोरबंदरला तळात दगड भरतो. इथे आलो की भाट्याला टाकतो. बायका नेतात टाचा घासायला."

म्हणजे ती खोटं बोलली नव्हती. तिथूनच परतायला हवं होतं.

"आमच्या हिला तू दिलीस?"

"बाजूला काढून ठेवायचो. वैनीला खरबरीत लागायची." दादू हसला. "म्हणायची, माझ्यासाठी नको, आमच्या ह्यांच्या टाचा म्हणजे जांभा. विहीर बांधून होईल."

ती माझ्या टाचा घासायची ते खरं. पण गप्प बसून. मी तिच्या डोक्याकडे बघत बसायचो. एवढा विनोद तिच्यात होता हे मला ठाऊक नव्हतं. दादूला होतं.

"बस, चहा सांगतो," तो म्हणाला. मी बसलो नाही.

घरी गंगाराम पिशवी भरत होता. "काका, दगड?"

"नाही देत. लागतो मला."

"तुम्हाला?"

"तुझी मावशी मला नेहमी म्हणायची," मी सांगितलं, "तुमच्या टाचा म्हणजे जांभा. विहीर बांधून होईल."

गंगाराम खूप हसला. "मावशी बोलायची असं?"

"माझ्याशी बोलायची," मी म्हणालो.