डॉक्टरांची किक

आमच्या डॉक्टरांची मोटरसायकल दवाखान्यातच राहते. ते दातांचे डॉक्टर. पुढच्या खोलीत पेशंटची खुर्ची आणि मागच्या खोलीत कवळ्यांच्या साच्यांशेजारी ती उभी असते. उंच मडगार्ड, खडबडीत जाड टायर. डांबरी रस्त्यापेक्षा चिखलदगडांसाठी बनवलेली, आणि आमच्या मुलांपेक्षा वयाने मोठी. तिचा कार्बोरेटर डॉक्टर दात खरवडायच्या आकड्यांनी साफ करतात. ते आकडे वेगळे ठेवले आहेत असं त्यांचं म्हणणं. आम्ही मात्र दातांसाठी दुसरीकडे जातो.

आम्ही म्हणजे मी, माझी बेकरी आहे, आणि चित्रकलेचे निवृत्त मास्तर. आमच्याकडेही अशाच म्हाताऱ्या गाड्या. दर रविवारी सकाळी शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत जायचं, चढउतारांवर हाडं खिळखिळी करून घ्यायची, कुणाची तरी गाडी रुसायची, बाकीच्यांनी त्याला आधी मनसोक्त बोलून घ्यायचं आणि मग दुरुस्तीला हात लावायचा, हा आमचा क्रम. एकदा मास्तरांच्या गाडीचा सायलेन्सर वाटेत गळून पडला आणि त्यांना ते घरी पोचल्यावर कळलं. त्यावर आमचं वर्ष मजेत गेलं.

गेल्या हिवाळ्यापासून डॉक्टरांचं वागणं बदललं. चहाला थांबलो तरी ते गाडी बंद करेनात. धडधडणाऱ्या गाडीशेजारी उभे राहून आमच्याशी ओरडून बोलायचे. विचारलं तर म्हणायचे, "जुन्या इंजिनाला सारखं थंड-गरम करू नये." बंद करायचीच वेळ आली तर आधी उतार शोधायचे, म्हणजे निघताना गाडी सोडून दिली की गिअर टाकून चालू करता येते. किकला पाय म्हणून लावायचे नाहीत.

"हे गाडी लावायला जागा बघतात की घर बांधायला?" मास्तर मला म्हणाले.

मग त्या रविवारी खाणीच्या अगदी तळाशी, रेतीत, डॉक्टरांची गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. तळ सपाट, चारी बाजूंना चढ. डॉक्टर शांतपणे उतरले, हेल्मेट काढलं आणि समोरच्या कातळाकडे बघत उभे राहिले.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी जरा दगड बघतो. काय सुरेख थर आहेत."

आम्ही कसले पुढे होतोय. मी पाठीवरच्या पिशवीतून बेकरीतली बिस्किटं काढली आणि आम्ही दोघं तिथेच बसलो. डॉक्टर दगड बघत राहिले.

"डॉक्टर," बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले, "मी जन्मभर चित्रकला शिकवली, पण एका दगडाकडे इतकं कधी बघितलं नाही."

शेवटी डॉक्टर आमच्याजवळ येऊन बसले. बसताना उजवा पाय सरळच राहिला, तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. गुडघा कामातून गेला होता. किक मारायला सर्जनने सक्त मनाई केली होती.

"सांगायचं ना मग," मी म्हणालो.

"तुम्हाला? सायलेन्सरचं काय केलंत ते बघितलंय मी."

मास्तर उठले, बाह्या सरसावल्या आणि किक मारली. गाडीने उलटा झटका दिला. मास्तर एका पायावर नाचत लांब गेले. मग मी मारून बघितली. गाडी नुसती उसासे टाकायची. डॉक्टर खाली बसून सूचना देत होते: घाई नको, आधी किक जिथे अडते तो दाब शोधा, आता थोडंसं दुखेल. पेशंटशी बोलतात तेच सगळं.

घाम पुसता पुसता मला सुचलं. "डॉक्टर, तुमच्या दवाखान्यामागचं अंगण तर सपाट आहे. मग तिथून निघताना ही चालू कोण करतं?"

डॉक्टर पुन्हा दगडाकडे बघायला लागले. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

वहिनी कार घेऊन खाणीच्या काठापर्यंत आल्या आणि तिथून चालत खाली उतरल्या. त्या दवाखान्यात पेशंटना वेळा देतात, त्यामुळे उशीर करणाऱ्याकडे बघायची त्यांची एक खास नजर आहे. ती त्यांनी तिघांवरून फिरवली. पर्स माझ्या हातात दिली. पायाने हळूच दाब शोधला, आणि एकच किक. गाडी चालू.

"इतके महिने?" मास्तर थक्क होऊन म्हणाले.

"दर रविवारी," वहिनी म्हणाल्या. "चालू मी करायची, मजा यांनी मारायची."

"मग चालवायची का थोडी?" मास्तर सहज बोलून गेले.

वहिनींनी टाकीवरून हात फिरवला. "लग्न झाल्यापासून ही गाडी आमच्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "हा प्रश्न आजवर मला कुणी विचारला नव्हता."

डॉक्टर उठले. त्यांनी आपलं हेल्मेट वहिनींच्या हातात दिलं. ते त्यांना मोठं होत होतं. डॉक्टरांनी पट्टा आवळून दिला.

त्या दिवशी वहिनी रेतीत तीनदा पडल्या. आम्ही हसलो नाही, म्हणजे पहिल्या दोन वेळा तरी. तिसऱ्यांदा त्या स्वतःच आडव्या पडून हसायला लागल्या, मग आमचाही नाइलाज झाला. चढ चढून वर यायला त्यांना पुढचे बरेच रविवार लागले.

आता डॉक्टर मागच्या सीटवर असतात. गिअर बदला, डावीकडे घ्या, तो खड्डा बघा, असं त्यांचं अखंड चालू असतं. वहिनींना ते ऐकू येत नाही. खरंच येत नाही का, हे आम्ही एकदा त्यांना विचारलं होतं. त्यांनी ॲक्सिलरेटर पिळून उत्तर दिलं.