बावीस इंचांची वाट

मी एक जुने फिरते फाटक आहे. एका बागेच्या तोंडाशी, दोन पायऱ्यांवर, गेली पस्तीस वर्षे उभे आहे. मध्ये जाड खांब, त्याला चार आडवे दांडे, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. दांडा ढकलला की मी पाव फेरा फिरते आणि एक माणूस आत जातो. मित्रांनो, मला एवढेच येते.

माझा जन्म समोरच्या गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. त्या काळी लोक मोटारसायकली थेट तळ्यापर्यंत दामटायचे. बागेच्या साहेबांनी वेल्डरला सांगितले, माणूस आत गेला पाहिजे, गाडी नाही. वेल्डरने कागदावर काही काढले नाही. आपल्या आठ वर्षांच्या मुलीला त्याने दप्तरासकट दुकानातल्या दोन सुट्या खांबांमध्ये उभे केले, मग पोट आत न ओढता स्वतः उभा राहिला आणि खडूने खूण केली. बावीस इंच. मला बसवल्यावर त्याने शेजाऱ्याची मोटारसायकल मुद्दाम माझ्यात घुसवली. ती सोडवायला चौघे लागले. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मलाही वाटले, आपल्यासारखे आपणच.

त्यानंतर दुकान बंद करून तो रोज यायचा, माझ्या दांड्यावर थाप मारायचा आणि तळ्याला एक फेरी घालायचा. रविवारी तेल घालायचा. माझी कुरकुर कुणी कधी ऐकली नाही.

खरे सांगायचे तर काही माणसे माझ्यापाशी येऊन परत जात. बाबागाडी घेतलेली एक आई गेली. कुबड्या घेतलेले एक मास्तर दोनदा अडकले, तिसऱ्यांदा आले नाहीत. मला वाटायचे, त्यांना बाग आवडली नसेल.

मग दोन महिने वेल्डर दिसला नाही. आला तो चाकांच्या खुर्चीतून. मागे तीच मुलगी, आता तिचेही केस पिकू लागलेले. तिने आणि रखवालदाराने खुर्ची पायऱ्यांवर चढवली आणि ती माझ्या कठड्याला खट्कन लागली. वेल्डरने खिशातून टेप काढला. खुर्ची मोजली, मला मोजायची त्याला गरज नव्हती.

"सव्वीस," तो म्हणाला.

मागचे मोठे दार रस्ता रुंद झाला तेव्हाच बुजवले होते. रखवालदार म्हणाला, काका, आम्ही दोघे तुम्हाला उचलून वरून आत घेतो.

"मी काय सिमेंटचं पोतं आहे?" वेल्डर म्हणाला. "आजवर चालत गेलोय इथून. पोत्यासारखा नाही जाणार."

त्याला दुसरे काही नको होते. एकदा तळ्याचे पाणी बघायचे होते. बाहेरून फक्त मेंदीचे कुंपण दिसते.

मुलीने अर्ज केला. चार महिन्यांनी माणसे आली आणि पायऱ्यांवर सुरेख उतार बांधून गेली. गुळगुळीत, ऐसपैस, कडेला धरायला नळी, वर निळी पाटी. उद्घाटनाला वेल्डरला खुर्चीसकट उतारावर बसवून फोटो काढला. मग सगळे गेले. उतार माझ्या पायाशी येऊन संपत होता. मुलीने विचारले तेव्हा कळले, उतार रस्त्यांच्या खात्याचा आणि फाटक बागांच्या खात्याचे. तिने दुसरा अर्ज केला.

"आठ फूट तर जवळ आलो," वेल्डर म्हणाला.

तो रोज येऊन त्या उतारावर बसू लागला. मुलगी आत जायची, तळ्यापाशी उभी राहायची आणि परत येऊन सांगायची. पाणी पायरीला लागलंय. कमळं पलीकडे सरकलीत. तो म्हणायचा, अर्धवट सांगतेस, उद्या नीट बघून ये. ती आत गेली की तो माझ्या तिसऱ्या दांड्याच्या जोडावरून अंगठा फिरवायचा. एका संध्याकाळी मुलगी चिडून म्हणाली, उद्या कटर आणते आणि कापते हे. रखवालदाराने हात जोडले. त्याची नोकरी गेली असती. वेल्डरने मान हलवली.

"त्याच्यात खोट नाही गं. माप माझं चुकलं. मी तुला मोजलं, मला मोजलं. म्हातारा मोजलाच नाही."

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला स्वतःहून चार इंच सरकता येत नाही. मी गंजून मोडायची वाट पाहिली, पण त्याने जोड इतके पक्के केले होते आणि तेल इतके वेळेवर घातले होते की मी मोडलेसुद्धा नाही.

थंडीत तो गेला. बाराव्या-तेराव्या दिवशी मुलगी एकटी आली. दांडा ढकलला, मी अलगद फिरले. ती तळ्यापाशी बराच वेळ उभी राहिली, परत आली आणि सवयीने उतारावर थांबली. काहीतरी सांगायला तोंड उघडले. मग तिने नळीवर हात ठेवला आणि खाली उतरून गेली.

दुसऱ्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, रंग द्या, तेल घाला. माझे मागणे वेगळे आहे. मला कापा. तळाच्या बिजागरीपासून कापा, जोडावर कटर लावू नका, त्याचा जोड तुटणार नाही. आणि माझ्या जागी जे काही बसवाल त्याचे माप घ्याल, तेव्हा आज तिथे जे उभे नाहीत त्यांनाही आधी बोलावून आणा.