गाडी बुटकी कोणी केली

काटेवाले पारड्यात वजन ठेवणार, एवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. त्यांची मोटारसायकल पुन्हा पडली होती, आणि तीही उजवीकडे. साइड स्टँड डावीकडे असताना गाडी उजवीकडे पडते म्हणजे ती कोणीतरी ढकलली, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यांनी शेजारच्या न्हाव्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. कोणी हातसुद्धा लावला नाही, वारा आला आणि पडली, असं न्हावी म्हणाला. काटेवाल्यांचा विश्वास बसला नाही. पारडं खोटं दाखवायला लागलं की दुकानदारही वाऱ्यावरच खापर फोडत.

संशय हा त्यांचा धंदाच होता. गाडीवर वजनांची पेटी बांधून दुकानोदुकानी फिरायचं, काटे तपासायचे आणि दुरुस्त करायचे. पारड्याखाली चिकटवलेलं चिमूटभर मेणही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. घरीही तेच. दूध पातळ लागलं तर दूधवाल्याची, बिल वाढलं तर मीटरची आणि बायको जास्तच गोड बोलली तर बायकोची उलटतपासणी व्हायची. तुम्ही देवाकडेसुद्धा पावती मागाल, असं ती म्हणायची.

गाडी उचलल्यावर त्यांनी जरा मागे सरून पाहिलं. स्टँडवर ती कलत नव्हती. शिक्षा झालेल्या पोरासारखी ताठ उभी होती, जरा धक्का लागला की पलीकडे. स्टँड लांब झाला म्हणावं, तर लोखंड काही वाढत नाही. म्हणजे गाडीच बुटकी झाली होती. वाकून मागे हात फिरवला, तर चाकाचे धक्के झेलणारे शॉकअप त्यांचे नव्हतेच. मागच्या आठवड्यात ते तापाने पडून असताना बायकोने ऑइल बदलायला म्हणून गाडी परस्पर मेकॅनिककडे धाडली होती. मेल्याने अस्सल माल काढून आखूड शॉकअप बसवले, दुसरं काय? काम अर्धवट टाकून ते तडक गॅरेजवर गेले.

"माझे शॉकअप कुणाला विकलेस?"

मेकॅनिक गडबडला. ते खराब झाले होते, म्हणाला. मग, काम मी केलंच नाही, म्हणाला. पण बोलताना त्याची नजर एकदा कोपऱ्यातल्या फळीवर गेली, आणि काटेवाल्यांना तेवढं पुरेसं होतं. फळीवरच्या गोणपाटात त्यांचेच शॉकअप निघाले, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवलेले. चोरीचा माल एवढा जपून कोणी ठेवत नाही. काटेवाले पहिल्यांदाच बुचकळ्यात पडले.

"काकूंनी सांगितलं होतं," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "गाडी मागून खाली घे, पण त्यांना कळू देऊ नकोस."

"का?"

"तुमचा पाय हल्ली जमिनीला टेकत नाही म्हणाल्या. थांबायचं झालं की पायरी नाहीतर फुटपाथ शोधता. भर चौकात पायरी कुठून आणणार काका?"

काटेवाले तिथल्या टायरवर बसले. वर्षभर त्यांचा खुब्याचा सांधा आखडला होता, आणि हे आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. मधला स्टँड लावायला जोर पुरेना, तेव्हा तो गतिरोधकाला घासतो असं सांगून काढून टाकला होता. आणि तापातून उठल्यापासून पाय बरे टेकतायत, म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या टॉनिकचं केवढं कौतुक केलं होतं! तेव्हा बायको मान डोलवत ऐकत होती. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची तूट पकडली, आणि त्यांची तूट तिने खिडकीत उभं राहून कधीच पकडली होती. गाडी सोडा म्हणाली असती, तर भांडता आलं असतं. ते जिंकलेही असते, आणि एखाद्या दिवशी चौकात पेटीसकट आडवे झाले असते. तिने भांडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती. त्यांना राग आला, लाज वाटली, आणि मग नको तेवढं भरून आलं.

"मग हे जुने का ठेवलेस?"

"काकू म्हणाल्या, बरं वाटायला लागलं की परत चढवू." मेकॅनिकने मान खाजवली. "शॉकअपचं सगळं नीट केलं हो, स्टँडचं तेवढं डोक्यातून गेलं. नाहीतर तुम्हाला कळलंही नसतं."

कळलं असतं, असं काटेवाले म्हणाले खरे, पण आवाजात जोर नव्हता.

मग स्टँड कापायला घेतला. खालचा तुकडा काढून स्टँडचा तळवा पुन्हा वेल्ड करायचा होता. मेकॅनिक भसकन कापायला निघाला, तर काटेवाल्यांनी त्याचा हात धरला. "थोडं थोडं घे. पेटी चढवून बघू, रिकाम्या गाडीचा कल खरा नसतो." दोनदा कापून, घासून मग वेल्डिंग केलं. गाडी डावीकडे अंग टाकून स्वस्थ उभी राहिली. काटेवाल्यांनी तिला दोन्हीकडून ढकलून पाहिलं, तरी ती हलली नाही.

घरी पोहोचले तेव्हा बायको दारात आली. तिची नजर आधी त्यांच्या चेहऱ्यावर गेली आणि मग स्टँडवरच्या नव्या वेल्डिंगवर.

"स्टँड लांब पडत होता," ते म्हणाले. "कापून आणला."

"उभी राहते ना आता?"

"राहते."

ते पेटीची दोरी सोडत राहिले. गाठ सुटल्यावर, तिच्याकडे न बघता म्हणाले, "ते जुने शॉकअप भंगारात दे म्हणून सांगितलंय त्याला."

ती पायऱ्या उतरून खाली आली आणि तिने पेटीची एक कडी धरली. काटेवाल्यांनी तिला नको म्हटलं नाही. त्यांनी दुसरी कडी उचलली.