डॉक्टर नसेल तर शर्यत नाही

आमच्या अतुलच्या मोटरसायकलला ब्रेक नव्हते. बिघडले नव्हते, ग्रासट्रॅकच्या गाडीला ते नसतातच. गवतावरच्या गोल ट्रॅकवर वळणं सगळी डावीकडची, दर वळणात गाडी आडवी घालायची आणि पोलादी तळाचा डावा बूट जमिनीवर घासत सुटायचं. यात तो दोनदा ब्रिटिश चॅम्पियन झाला होता, जर्मनीतले लांबलचक लाँगट्रॅकही गाजवून आला होता. वेम्बलीच्या देवळात बायका विचारायच्या, "शैलाताई, मुलगा काय करतो तुमचा?" मी सांगायची, "डावीकडे वळतो."

त्याचे बाबा भूलतज्ज्ञ. दर शर्यतीआधी 'नको जाऊस'चा पाढा वाचायचे आणि मग स्वतःच मैदानावरचे डॉक्टर म्हणून फुकट उभे राहायचे. लेकाजवळ राहायचा तेवढा एकच मार्ग त्यांना सापडला होता.

१९८९च्या ऑगस्टमध्ये केंटमधल्या एका शेतात फायनल होती. त्याआधीच्या शर्यतीत अतुल डोक्यावर आपटला होता. हॉस्पिटलनं त्याला फिट ठरवलं, पण बुटाचा पट्टा बांधताना त्याचा हात भलतीकडेच जात होता. ह्यांनी ते पाहिलं.

"अतुल, तुला डबल दिसतंय का?"

"बाबा, डोन्ट स्टार्ट. माझं डोकं ठीक आहे."

हे संयोजकांकडे गेले. ते हसले. इतकी वर्षं ह्यांनी दर वेळी काही ना काही खुसपट काढलं होतं. आता लांडगा खरंच आला, तर कोण ऐकणार?

ह्यांनी आपली बॅग उचलली आणि गाडीच्या डिकीत ठेवली. "बस, शैला. डॉक्टर नसेल तर शर्यत नाही. रूल आहे त्यांचा."

मला तर हायसं वाटलं. पुढच्या गावात आम्ही चहाला थांबलो. ह्यांनी स्कोनवर भरपूर जॅम घेतला.

"महिनाभर बोलणार नाही तो," हे म्हणाले. "न बोलू दे. असेल तरी."

इतक्या खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्याची समजूत घालायला परत आलो, तर इंजिनं बंद होती आणि माणसं टोप्या काढून उभी होती. आम्ही गेल्यावर लाउडस्पीकरवरून विचारलं होतं, कोणी डॉक्टर आहे का? प्रेक्षकांतला एक त्वचारोगतज्ज्ञ पुढे आला होता. नियम पाळला गेला, शर्यत सुटली. दुसऱ्याच वळणात अतुल पडला आणि मागच्या गाडीनं त्याला उडवलं. घशात रक्त साचून श्वास अडकला. नळी घालायला हवी होती. ते काम त्या बिचाऱ्यानं शिकल्यानंतर कधी केलंच नव्हतं. तो बाजूला उभा राहून रडत होता. त्याचा मला राग नाही. राग येतो हसणाऱ्यांचा, अतुलचा, आणि ह्यांचा तर अजून रोज ताट वाढताना येतो.

हे डिकीतून बॅग घेऊन आले आणि गवतावर गुडघे टेकून बसले. नळी पहिल्याच प्रयत्नात बसली. मग हे नळीला जोडलेला हवेचा फुगा दाबत राहिले. अतुलला जाऊन बराच वेळ झाला होता, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. कोणी त्यांना थांबवलं नाही. शेवटी मीच त्यांचा हात धरला.

"अहो, पुरे."

"थांब, शैला," ते म्हणाले. "छाती हलतेय बघ."